वरच्या खोलीत रात्री उकडतं का? सिम्युलेशनच्या ८७६० तासांचं चित्र कसं काढायचं

सांगलीत विश्रामबागेत ओळखीतल्या एका काका-काकूंचं घर आहे. खाली हॉल, किचन, एक बेडरूम, वर दोन खोल्या आणि गच्ची, साधं वीट बांधकाम आणि आरसीसी स्लॅब, म्हणजे आपल्याकडं गल्लोगल्ली दिसतं तसंच घर. मार्च सरला की वरच्या पश्चिमेकडच्या खोलीत रात्री झोपवत नाही. काकांचा प्रश्न सरळ होता, गच्चीवर पत्र्याचं शेड मारू का पांढरा रंग मारू. मी घराचं एनर्जीप्लसमध्ये (इमारत वर्षभर तासातासाला किती तापते-निवते याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल केलं, रन मारला आणि लॅपटॉप घेऊन दाखवायला गेले तेव्हा माझ्याकडं चाळीसेक ग्राफ होते. काकूंनी सगळे नीट बघितले आणि म्हणाल्या, "अगं ते सगळं बरोबर असेल बाई, पण वर झोप लागेल का नाही ते सांग की."

उत्तर त्या आकड्यांत होतं, फक्त एकाही ग्राफवर दिसत नव्हतं. त्यानंतर मी कामाची पद्धतच बदलली, आणि तीच इथं लिहितेय. तुम्ही सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला असाल, नुकतं एनर्जीप्लस किंवा डिझाइनबिल्डर शिकला असाल, रन एररशिवाय पूर्ण झालाय आणि समोर आकड्यांच्या तक्त्याची एक भलीमोठी सीएसव्ही फाइल उघडून बसलाय, आता पुढं काय, तर हे तुमच्यासाठी. मॉडेल कसं करायचं ते इथं नाही, तो वेगळा विषय आहे.

आधी प्रश्न लिहा, कागदावर

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी घरमालकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत एका ओळीत लिहून काढा. "वरच्या खोलीत रात्री १० ते सकाळी ६ झोपता येईल असं तापमान कोणकोणत्या महिन्यांत असतं, आणि स्लॅबवर काही केलं तर त्यात किती फरक पडतो." बास, एवढंच. या ओळीत खोली कुठली ते आहे, तास कुठले ते आहेत, आणि कशाची कशाशी तुलना करायची तेही आहे. जो ग्राफ या ओळीचं उत्तर देत नाही तो तुमच्या अभ्यासासाठी ठेवा, त्यांना दाखवू नका.

हवामानाची फाइल आधी नुसती बघा

सिम्युलेशनला ईपीडब्ल्यू फाइल लागते, त्यात वर्षाच्या प्रत्येक तासाचं तापमान, आर्द्रता, ऊन, वारा असतं. ३६५ गुणिले २४ म्हणजे ८७६० ओळी, आणि वर आठ ओळींचं हेडर. हे कुठल्या एका खऱ्या वर्षाचं हवामान नसतं, वेगवेगळ्या वर्षांतले त्या त्या महिन्याला साजेसे महिने निवडून जोडलेलं असतं, म्हणून वर्षाच्या कॉलममध्ये जानेवारीला एक साल आणि फेब्रुवारीला दुसरंच साल दिसलं तर घाबरू नका, फाइल खराब नाहीये.

आपल्या भागासाठी फाइल निवडताना मात्र डोकं लावावं लागतं. एनर्जीप्लसच्या साइटवरच्या जुन्या संचात पुणे, सोलापूर, बेळगाव, रत्नागिरी आहेत, आणि क्लायमेट वन बिल्डिंग नावाच्या साइटवर आता त्यापेक्षा बरीच जास्त स्टेशनं मिळतात. नकाशावर अंतर मोजून फाइल उचलू नका. रत्नागिरी लांब नाही पण ती समुद्रकाठची दमट हवा सह्याद्रीच्या पलीकडं राहते, सांगलीच्या उन्हाळ्याशी तिचा संबंध नाही. साताऱ्याच्या लोकांनी तर जास्तच सांभाळा कारण जिल्हा एकच पण महाबळेश्वर वेगळं, सातारा शहर वेगळं आणि माण-खटाव अजून वेगळं. माझी सवय अशी की एक जरा गरम आणि एक जरा थंड अशा दोन फाइली घेऊन दोन्ही रन मारायचे, आपलं गाव दोघांच्या मधे कुठंतरी बसतं, आणि ग्राफवर दोन्ही रेषा दाखवल्या की समोरच्याला आपण खोटी खात्री विकत नाही.

फाइल घेतली की मॉडेलला लावायच्या आधी क्लिमा टूलमध्ये (हवामान फाइलचे ग्राफ काढून देणारी साइट) टाकून बघा, ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे. एक गोष्ट हमखास तपासा, ऊन सगळ्यात जास्त किती वाजता आहे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरलीय आणि सांगली साधारण ७४.६ अंशावर आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडं सूर्य घड्याळाच्या बारापेक्षा अर्ध्या तासानं उशिरा माथ्यावर येतो. म्हणून उन्हाचा शेंडा साडेबाराच्या आसपास दिसला पाहिजे. तो सकाळी सातला किंवा संध्याकाळी सहाला दिसत असेल तर टाइम झोनच्या साडेपाच तासांचा घोळ झालाय, आणि तो घोळ घेऊन पुढं गेलात तर पूर्व-पश्चिम भिंतींचे सगळे निष्कर्ष उलटे येतील.

अजून एक, हे मला फार आवडतं म्हणून सांगते. सांगलीत ७ मेच्या आसपास आणि साताऱ्यात १० मेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो, पेपरात बातमी येते, शाळेतली पोरं मैदानात बाटली उभी करून बघतात. याचा घराशी संबंध असा की ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन सरळ डोक्यावरून स्लॅबवर पडतं आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्यात जवळजवळ सावली मिळते. पाश्चात्य पुस्तकांत दक्षिणेच्या खिडकीवर जेवढी पानं असतात तेवढीच आपल्याकडं स्लॅबवर हवीत. हे तुमच्या रनमधून काढता येतं, प्रत्येक पृष्ठभागावर पडणाऱ्या उन्हाचा आउटपुट मागा आणि स्लॅब, पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर अशा पाच रेषा महिन्यावार काढा. एप्रिल-मेमध्ये स्लॅबची रेषा बाकी सगळ्यांच्या वर दिसते, आणि नेमकं कुठल्या बाजूला खर्च करायचा हे तिथंच अर्धं ठरून जातं.

आउटपुट मोजकेच मागा

एनर्जीप्लस शेकडो गोष्टी द्यायला तयार असतं आणि नवीन माणूस सगळंच मागतो. फाइल एवढी जड होते की एक्सेल अडकतं. शिवाय एनर्जीप्लस बरोबर येणारं सीएसव्ही बनवणारं प्रोग्राम साधारण सेटिंगवर २५५ कॉलमच्या पुढं घेत नाही, मग तुम्हाला हवा तोच कॉलम गायब आणि कारण कळत नाही. वरच्या प्रश्नासाठी मला पाचच लागले: बाहेरचं ड्रायबल्ब तापमान (साध्या थर्मामीटरवर दिसतं ते), खोलीचं ऑपरेटिव्ह तापमान, खोलीतल्या हवेचं तापमान, स्लॅबच्या खालच्या बाजूचं तापमान आणि स्लॅबवर पडणारं ऊन. सगळे तासावार.

ऑपरेटिव्ह का, नुसती हवा का नाही? कारण अंगाला हवा लागते तशी स्लॅबची धगही लागते. हवेचं तापमान आणि आजूबाजूच्या भिंती-छतांचं मिळून येणारं रेडियंट तापमान यांची ढोबळ सरासरी म्हणजे ऑपरेटिव्ह. दुपारभर तापलेल्या स्लॅबखाली पलंगावर पडलं की पंखा चालू असून वरून भट्टीसारखं वाटतं ना, ते हवेच्या आकड्यात येत नाही, यात येतं.

फाइल साफ करणं

इथं नवीन लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून सावकाश वाचा.

सीएसव्ही उघडली की आधी ओळी मोजा. हेडर सोडून ८७६० असल्या पाहिजेत. ८८०८ निघाल्या तर वरच्या ४८ ओळी दोन डिझाइन डेच्या आहेत, सायझिंगसाठी (एसी-हीटरची क्षमता ठरवायला) वापरलेले एक कडक उन्हाळ्याचा आणि एक कडक थंडीचा कल्पित दिवस, ते काढून टाका. नाही काढले तर तुमचं सगळं वर्ष दोन दिवस पुढं सरकतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ग्राफ दिसायला बरोबरच दिसतो.

दुसरं, वेळेचा कॉलम. त्यात साल नसतं, आणि दिवसाचा शेवटचा तास २४:०० असा लिहिलेला असतो. पायथनमधल्या पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीला ही वेळ समजत नाही, एरर येतो. त्यातून १:०० असं लिहिलेल्या ओळीचा अर्थ मध्यरात्री बारा ते एक या तासाची सरासरी, म्हणजे शिक्का तासाच्या शेवटचा असतो. मी त्या कॉलमच्या नादालाच लागत नाही. डिझाइन डे काढून झाले की १ जानेवारी मध्यरात्रीपासून ८७६० तासांचा माझा स्वतःचा वेळेचा कॉलम बनवते, लीप वर्ष नसलेलं कुठलंही साल टाकून. एक्सेलमध्ये करत असाल तर ओळींना ० पासून नंबर द्या, २४ नं भागून पूर्णांक आला तो दिवस, बाकी उरली तो तास.

तिसरं, एनर्जीचे आकडे ज्यूलमध्ये येतात. ३६,००,००० नं भागा म्हणजे लाइट बिलावरचं युनिट मिळतं. घरमालकाला ज्यूल कळायचं कारणच नाही, त्याला युनिट कळतं.

पहिलं चित्र: फक्त तीन दिवस

वर्षभराचा रेषेचा ग्राफ काढू नका. ८७६० ठिपके एका रेषेत जोडले की केसाळ सुरवंटासारखी जाड पट्टी दिसते आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी एप्रिल किंवा मेमधले सलग तीन कडक दिवस निवडा आणि तीनच रेषा काढा, बाहेरची हवा, खोलीचं ऑपरेटिव्ह आणि स्लॅबची खालची बाजू.

या एका चित्रातून मला स्वतःला घर कळतं. बाहेरची रेषा दुपारी तीनच्या सुमारास शेंड्याला जाते आणि संध्याकाळी उतरायला लागते. स्लॅबच्या खालच्या बाजूची रेषा मात्र काही तासांनी मागून येते, कारण काँक्रीट आणि त्यावरचा कोबा ऊन आधी साठवून घेतो मग खाली सोडतो. बाहेर गार वारा सुटलेला असतो तेव्हा खोलीची रेषा अजून वरच अडकलेली असते. या दोन रेषांमधली जी फट आहे ना, रात्री नऊपासून पुढं, तीच काकूंची तक्रार आहे. ती फट हलक्या रंगानं भरा आणि त्यावर लिहा "बाहेर गार, आत गरम". झोपायचे तास मागून फिकट राखाडी पट्टीनं दाखवा. मी हे चित्र काढून दाखवलं तेव्हा काका लगेच म्हणाले, "म्हणजे स्लॅब रात्री परत फेडतोय." सिम्युलेशन न शिकलेल्या माणसाला थर्मल लॅग एका चित्रात कळला, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आडव्या अक्षावर तारखेबरोबर वेळ लिहा, दर सहा तासांनी. उभा अक्ष शून्यापासून सुरू करायची गरज नाही, तापमानाला ती सक्ती नसते, ती सक्ती खांबांच्या ग्राफला असते. रेषांची नावं कोपऱ्यातल्या डब्यात टाकण्यापेक्षा रेषेच्या टोकाला लिहा, माणसाची नजर ये-जा करत नाही.

मुख्य चित्र: वर्षाचा हीटमॅप

तीन दिवस म्हणजे तीनच दिवस, वर्ष कसं जातं ते त्यात कळत नाही. त्यासाठी हीटमॅप. आडवे ३६५ दिवस, उभे २४ तास, प्रत्येक तासाचा एक छोटा चौकोन आणि तापमानाप्रमाणं रंग. पायथन येत नसेल तर एक्सेलमध्ये पिव्हट टेबल करा, ओळीत तास, कॉलममध्ये दिवस, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगचा रंग द्या, कॉलम अगदी अरुंद करा, झालं. डीव्ह्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर हेच दोन क्लिकमध्ये करतं आणि ग्रासहॉपर हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येत असेल तर त्याच्या लेडीबग या जोडणीत तासावार प्लॉटचा तयार कंपोनंट आहे. सुरुवातीला डीव्ह्यूमध्ये पटकन बघा, दाखवायचं चित्र मात्र हातानं करा, कारण त्यावर आपल्याला बदल करायचे असतात.

आता ते बदल.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे दिवस मध्यरात्री तोडू नका. सगळी सॉफ्टवेअर उभ्या अक्षावर ० ते २४ घेतात, त्यामुळं रात्र दोन तुकड्यांत फाटते, अर्धी वर जाते, अर्धी खाली. आपला प्रश्नच रात्रीचा आहे. म्हणून पहिले १२ तास सोडून द्या आणि दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा एक उभा कॉलम करा. ३६४ रात्री पूर्ण मिळतात, शेवटचे अर्धे उरतात ते सोडा. आता रात्र चित्राच्या मधोमध सलग येते, रात्री १० आणि सकाळी ६ ला दोन बारीक आडव्या रेषा मारा, आणि त्या दोन रेषांमधली पट्टी म्हणजे झोप. एवढ्या छोट्या बदलानं ते चित्र वाचायला शिकवावं लागत नाही.

दुसरं रंग. इंद्रधनुष्यी रंग घेऊ नका, दिसायला झकास असतात पण पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर डोळ्याला एकदम उडी दिसते आणि तापमानात मात्र तिथं काहीच विशेष घडलेलं नसतं. मॅटप्लॉटलिबनं (पायथनमध्ये ग्राफ काढायची लायब्ररी) २०१७ मध्ये दोनची आवृत्ती आणली तेव्हा जुना इंद्रधनुष्यी रंगपट काढून व्हिरिडिस हा सलग उजळत जाणारा रंगपट आणला तो याच कारणानं. तापमानासाठी मी इन्फर्नोसारखा काळ्या-जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारा किंवा सरळ पांढऱ्यापासून गडद लालकडं जाणारा घेते. निळा-पांढरा-लाल असा दोन टोकांचा रंगपट दिसायला समजायला सोपा आहे, पण त्याचा मधला पांढरा आरामाच्या तापमानावर बसवला तरच त्याला अर्थ आहे. आणि एक धोका लक्षात ठेवा, आपल्याकडं लोक प्रिंट काढून घेतात आणि पुढं त्याची झेरॉक्स फिरते. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये गडद निळा आणि गडद लाल दोन्ही सारखेच काळे येतात, म्हणजे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार एकसारखी! एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं उजळत जाणारा रंगपट झेरॉक्समध्येही टिकतो. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोकही असतात, त्यांनाही तोच चालतो.

तिसरं, रंगाची मर्यादा स्वतः ठरवा. आपण काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर त्या त्या फाइलमधलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त घेऊन रंग वाटतं. मग आत्ताचं घर आणि रंग मारलेलं घर अशी दोन चित्रं शेजारी ठेवली तर दोन्ही सारखीच लाल दिसतात, कारण लाल म्हणजे त्या त्या चित्रातलं सगळ्यात गरम, मग ते ३९ असो का ३५. समजा १५ ते ४२ ठरवलं तर सगळ्या चित्रांना १५ ते ४२. ही चूक मी अनुभवी लोकांच्या रिपोर्टमध्येही बघितलीय, आणि त्यावरून घरमालकानं "काही फरकच पडत नाही" म्हणून चांगला उपाय सोडून दिलेलाही बघितलाय.

महिन्यांची नावं खाली लिहा, दिवसांचे १ ते ३६५ आकडे नको. मी त्यावर गुढीपाडवा, मृगाचा पाऊस, गणपती, दिवाळी अशा खुणा पण करते, आपल्या लोकांना वर्ष असंच आठवतं. पाडव्यानंतर लाल चढत जातं, जूनच्या पावसात ते एकदम खाली येतं आणि ऑक्टोबरमध्ये परत थोडं डोकं वर काढतं, हे बघून काकू आपणहून म्हणाल्या की हो, नवरात्रात पण उकडतं थोडं.

मराठी अक्षरांची अडचण

मधेच हे सांगून टाकते कारण कुणी सांगत नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी लिहिलं तर पहिल्यांदा चौकोन येतात कारण त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मंगल किंवा नोटोचा फॉन्ट दिला की अक्षरं येतात पण मी वापरते त्यात वेलांटी भलतीकडं जाते आणि जोडाक्षरं फुटतात. मी ग्राफ एसव्हीजी या चित्राच्या फाइलमध्ये काढते, अक्षरं न लिहिता, आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मराठी लेबल लावते. एक्सेलमध्ये मात्र मराठी बिनतक्रार येतं. थोडी मेहनत आहे पण करा, "ऑपरेटिव्ह टेंपरेचर झोन टू" असं लिहिलेल्या चित्रापेक्षा "वरची पश्चिमेची खोली" लिहिलेलं चित्र माणूस जवळ ओढून बघतो.

किती म्हणजे गरम?

हीटमॅप बघून सगळे विचारतात, बरं मग यातलं किती सहन होण्यासारखं आणि किती नाही. इथं आपल्या मनानं २६ किंवा २८ ची रेष मारू नका. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तयार झालेलं, किती तापमान लोकांना सोसतं ते सांगणारं आयमॅक नावाचं भारतीय मॉडेल आहे, राष्ट्रीय इमारत संहितेत २०१६ मध्ये ते घेतलंय. नैसर्गिक वायुविजनाच्या इमारतीसाठी हिशोब असा: मागच्या ३० दिवसांच्या बाहेरच्या तापमानाची सरासरी काढा, तिला ०.५४ नं गुणा, १२.८३ मिळवा. हे मधलं तापमान. त्याच्या वर-खाली २.३८ अंश म्हणजे १०० पैकी ९० लोकांना चालेल असा पट्टा.

बाहेरची सरासरी ३० असेल तर ०.५४ गुणिले ३० म्हणजे १६.२, अधिक १२.८३, म्हणजे २९.०३. पट्टा २६.६५ ते ३१.४१. उन्हाळ्यात वरची मर्यादा ३१ च्या पुढं जाते, आणि ते आपल्या अनुभवाशी जुळतं, मे महिन्यात तीस अंशाला आपण कुरकुरत नाही, जानेवारीत कुरकुरू. हे मूळ ऑफिसमधल्या लोकांना विचारून बनवलंय, घरांसाठी नंतर आयमॅक-आर आलं, तेव्हा मोठा रिपोर्ट करत असाल तर ते बघा. एक्सेलमध्ये मागच्या ७२० तासांची सरासरी घेतली की झालं, जानेवारीच्या सुरुवातीला डिसेंबरचे तास मागं जोडा.

आता तास मोजा, पण सगळे ८७६० नाही, झोपेचेच. मार्च ते मे ९२ दिवस, रात्री ८ तास, एकूण ७३६ तास. या ७३६ पैकी किती तास खोली मर्यादेच्या वर आहे हा एक आकडा. पण अर्ध्या अंशानं वर आणि चार अंशांनी वर हे सारखं नाही, म्हणून डिग्री-अवर पण काढा: मर्यादा ३१.४ आणि खोली ३३.४ असं तीन तास असेल तर २ गुणिले ३ म्हणजे ६ डिग्री-अवर. माझ्या मते घरमालकाला तासांचा आकडा सांगावा आणि पर्याय निवडताना आपण डिग्री-अवर बघावे.

सरासरीपासून मात्र लांब राहा. दिवसा १२ तास ३८ आणि रात्री १२ तास २२ याची सरासरी ३०, आणि चोवीस तास ३० असलेल्या खोलीची सरासरीही ३०.

पर्यायांची तुलना

काकांचे तीन पर्याय केले: आहे तसं, पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग, आणि पत्र्याचं शेड. प्रत्येकाचा हीटमॅप त्याच रंगमर्यादेत, एकाखाली एक, आडवे महिने एका ओळीत जुळवून. आणि चौथं चित्र वजाबाकीचं, आत्ताचं वजा नवीन, किती अंश उतरलं ते. इथं दोन टोकांचा रंगपट बरोबर बसतो कारण मधे शून्य आहे. वजाबाकीच्या चित्रात एक गोष्ट नक्की बघा, फायदा कुठल्या वेळी होतोय. दुपारी भरपूर आणि रात्री नाममात्र असेल तर आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग थोडाच.

शेडबाबत सावध राहा. एनर्जीप्लसमध्ये शेड आपण शेडिंग सरफेस म्हणून टाकतो, तो ऊन अडवतो एवढंच, तापलेला पत्रा खाली जी धग टाकतो ती त्यात येत नाही. म्हणून शेडचा फायदा चित्रात खऱ्यापेक्षा जरा जास्त दिसतो. मी ते चित्राखालीच मराठीत लिहून ठेवते, तळटीप करून लपवत नाही.

इन्सुलेशनचा पर्याय असेल तर छताची यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, जितका कमी तितकं चांगलं) पण सांगा. घरांसाठीच्या ऊर्जा बचतीच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छताला १.२ ही वरची मर्यादा आहे, लहान प्लॉटवरच्या बंगल्याला ती बंधनकारक नसली तरी आपण कुठं उभे आहोत ते कळतं.

उष्णता कुठून किती आली याचा खांबांचा ग्राफ बरेच जण काढतात. काढा, पण पाचपेक्षा जास्त रंग नको, आणि पायचार्ट तर नकोच, त्यात बाहेर जाणारी उष्णता दाखवताच येत नाही.

शेवटी थर्मामीटर

दाखवायच्या आधी मॉडेल खऱ्या घराशी ताडून बघा. तापमान आपोआप नोंदवणारा महागडा लॉगर नसेल तर दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, एक वरच्या खोलीत पलंगाच्या उंचीला, एक बाहेर सावलीत. काकूंनी आठ दिवस सकाळी ६, दुपारी २, संध्याकाळी ७ आणि रात्री ११ ला दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिले, एकही वेळ चुकवली नाही.

हे आकडे सरळ मॉडेलच्या रेषेवर टाकू नका, कारण फाइलमधलं हवामान त्या आठवड्याचं नाहीच. आत वजा बाहेर, हा फरक काढा आणि मॉडेलमधल्या तशाच दिवसांच्या त्याच वेळेच्या फरकाशेजारी ठिपक्यांनी ठेवा. आमच्याकडं दुपारचे, संध्याकाळचे ठिपके नीट बसले, रात्री ११ चे मात्र सगळे रेषेच्या खाली. मॉडेल म्हणत होतं खोली अजून बरीच गरम, थर्मामीटर म्हणत होता एवढी नाही. मी मॉडेलमध्ये रात्री खिडक्या बंद धरल्या होत्या. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं दहा वाजले की गॅलरीचं दार उघडून टाकतो की आम्ही, डासांची जाळी लावलीय त्याला." शेड्युल बदललं, १० नंतर दार उघडं, परत रन, आणि ठिपके रेषेजवळ आले.

मग नवीन हीटमॅपची ए-थ्री प्रिंट काढून नेली. काकूंनी चष्मा लावला, एप्रिलच्या लाल पट्टीवर बोट ठेवून पुढं मेच्या शेवटापर्यंत नेलं, मग पांढऱ्या रंगाच्या चित्रावर त्याच जागी बोट ठेवलं आणि काकांना म्हणाल्या, "अहो, या वर्षी दोन महिने खालीच झोपू, आणि पाऊस उघडला की गच्ची धुऊन रंगाचं बघू." शेडचं कोटेशन काकांनी घडी करून कपाटात ठेवलं.